राहत्या घरी, सकाळी दहा वाजता

निरोप असा लिहावा, की वाचणाऱ्याने हातातला घास ताटात टाकावा आणि चपला शोधायला लागावं! ही कला शहादा तालुक्यात फक्त मला येते, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. नम्रपणे अशासाठी, की गेल्या जानेवारीत लोकांनी खरोखरच घास टाकले, चपला शोधल्या आणि पंचक्रोशीतून ते ब्राह्मणपुरीला माझ्या दारात हजर झाले. माझ्या मुलीला शेवटचं पोहोचवायला!

मुलगी त्या वेळी दात घासत होती.

पण असं मध्येच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, हेमकांत आप्पा म्हातारा झाला. झालोच आहे. तर पहिल्यापासून सांगतो.

मी एका साप्ताहिकात चाळीस वर्षं होतो. पान तीनवर माझं विनोदी सदर आणि पान चारवर निधनवार्ता, त्याही माझ्याच. विनोदी सदर कुणी वाचत होतं की नाही, देव जाणे. निधनवार्ता मात्र लोक तोंडपाठ करायचे. साप्ताहिक बंद पडलं, मी निवृत्त झालो, पण पान चार काही सुटलं नाही. गावात कुणी गेलं, की घरचे लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग रडतात. मी मोबाइलवर मजकूर करतो, फोटो जोडतो आणि साऱ्या ग्रुपवर सोडतो. त्यामुळे माझ्याकडून फोटोसकट काही आलं म्हणजे कुणीतरी गेलं, हे लोकांना इतकं ठाऊक आहे, की मी दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा बिनफोटोच्या पाठवतो.

स्वप्नाली माझी एकुलती एक मुलगी. वय अठ्ठावीस, पुण्यात संगणकाची नोकरी. फावल्या वेळात ती गाणी करते. स्वतः लिहिते, स्वतःच गाते आणि पेटी-तबल्याच्या जागी लॅपटॉप वाजवते. तीन वर्षं खपून तिनं सात गाण्यांचा अल्बम केला. नाव ‘धुई’. म्हणजे पौषात सकाळी तापीवरून उठून आमच्या पपईच्या मळ्यांत शिरतं ना, ते धुकं. मळ्यातली मोटर, पपईच्या पानांतला वारा, साखर कारखान्याचा भोंगा, असले आवाज तिनं पकडले, संगणकात घालून ताणले, विरघळवले आणि त्या विरघळलेल्या आवाजांतून ती हळूच गाते. कुणीतरी दूरच्या खोलीतून हाक मारावी आणि आपण उठून जावं, तर तिथे कुणी नसावं, असं काहीसं.

हे मी पहिल्या सहा गाण्यांवरून सांगतोय. सातवं मी ऐकलेलं नव्हतं.

“बाबा, सातव्यात आईचा आवाज आहे,” ती महिन्याभरापूर्वी फोनवर म्हणाली होती. “तिनं मला पाठवलेला, माझ्या जुन्या फोनमधला. ते जगाच्या आधी तुम्ही ऐका. एवढंच माझं म्हणणं आहे.”

“हो तर!” मी म्हणालो. “आजच ऐकतो.”

त्या दिवशी कानात मळ होता. दुसऱ्या दिवशी चार्जिंग नव्हतं. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. पुढे पुढे तर मी कारणं इतकी सुबक बनवायला लागलो, की सदर बंद पडल्याचं वाईट वाटलं. शेवटी अल्बम नेटवर येण्याच्या आदल्या दिवशी ती स्वतःच घरी आली. “उद्या दहाला तो आपोआप सगळीकडे जाईल, बाबा. मग मला थांबवता नाही येणार. तुम्हाला नको असेल तर मी सातवं काढून टाकते. पण ऐकून सांगा.”

“सकाळी ऐकतो,” मी म्हणालो. आणि सकाळी सातला, ऐकावं लागू नये म्हणून, एक मोठं काम काढलं. प्रकाशन सोहळा!

“बाबा, अल्बम नेटवर येतो. घरी कुणी यायची गरज नसते.”

“तुला काय कळतं? माणसं नकोत?”

मी मोबाइल उघडला. नवा मजकूर कशाला करायचा? गेल्या आठवड्यातला हिलाल बापूंचा तयार होता. तोच घेतला आणि त्यात बदल केले. ‘दुःख’ काढून ‘आनंद’ घातला. हिलाल बापूंच्या जागी कु. स्वप्नाली, वय ९१च्या जागी वय २८. ‘आज रविवारी सकाळी दहा वाजता राहत्या घरी’ हे बापूंचं होतं तसंच चाललं. मग अल्बमचं कव्हर जोडलं. काळा-पांढरा फोटो, भोवती धुकं, मधोमध स्वप्नाली. डोळे मिटलेले!

आता व्हॉट्सअ‍ॅपचा एक खाक्या आहे. चार ओळी दाखवतो आणि पुढे ‘अधिक वाचा’ म्हणतो. माझा आनंद पाचव्या ओळीत होता. ज्या चौकस लोकांनी ‘अधिक वाचा’ दाबलं, ते पत्ता बघायला थेट तळाशी गेले. तळाशी मी एक ओळ बदलायची विसरलो होतो. ‘शोकाकुल : समस्त परिवार.’

अर्ध्या तासात दोनशे चौदा जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एकाच इसमाने सगळा मजकूर वाचून ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं. त्याला तात्काळ ग्रुपमधून काढण्यात आलं!

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी मोबाइल ठेवून खुर्च्या पुसत होतो. दार वाजलं. तोंडातल्या ब्रशसकट स्वप्नालीनं उघडलं. दारात आमचा शेजारी दोधू. गावात मौत झाली की पुढचं सगळं दोधूकडे. खांद्यावर दोन हिरवे बांबू, काखेत सुतळीचा गुंडा आणि मान खाली.

“बेटा, आप्पा घरमा शेत का?”

“आहेत की. काय काम होतं, दोधूकाका?”

“काही नही व. पोरनी उंची इचारनी व्हती.”

“कुठल्या पोरीची?”

“आप्पानी पोरनी,” दोधू म्हणाला आणि त्यानं मान वर केली.

बांबू आधी पडले, मग सुतळी. मग दोधू ओट्यावर बसला.

“आप्पा!” तो ओरडला. “तुम्हनी पोर दात घशी ऱ्हायनी!”

मी बाहेर आलो. “मग? सकाळी घासू नयेत?”

“मंग कोन गयं?” असं म्हणून त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. नजरेत दुःख नव्हतं. मापं होती!

खुलासा करायला मी तोंड उघडणार, तोच शहाद्याहून कापडवाले गौतमचंदशेठ मोटारीतून उतरले. हातात पांढऱ्या कापडाचा तागा. मागून दोन रिक्षा. त्यांच्या मागे ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बायका. मी मोबाइलवर ‘मुलगी सुखरूप आहे’ असं टाकलं, तर त्याखाली लगेच उत्तर आलं. ‘आप्पांना धक्का बसला आहे. कुणीतरी जवळ बसा.’

साडेनऊपर्यंत साठ माणसं जमली.

“बाबा,” स्वप्नालीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. “अर्धा तास उरलाय. चार मिनिटांचं गाणं आहे. आता तरी ऐका.”

“अगं, दारात साठ माणसं रडताहेत आणि मी गाणं ऐकू?”

“माझ्याचसाठी रडताहेत ना? मीच सांगते, ऐका.”

मी उत्तर शोधत होतो. मिळणारही होतं. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून हंबरडा ऐकू आला. तो ओळखीचा होता. खांडबाऱ्याहून मिळेल ती जीप धरून कालीबाई आली होती. स्वप्नालीच्या आईची थोरली बहीण.

“मन्ही सोनानी बाहुली व! माय गई, आते तू बी चालनी गई व!”

आमच्याकडे बाया गळ्यात पडून रडतात आणि रडताना डोळे उघडत नाहीत. दारात जी पहिली पोर हाताशी लागली, तिच्याच गळ्यात कालीबाई पडली. ती स्वप्नाली होती.

“मावशी, अगं मावशी, मीच आहे.”

“कोन तू?”

“स्वप्नाली.”

“व्हय का माय,” म्हणून कालीबाईनं तिला आणखी आवळलं आणि आणखी दोन ओळी रडली. एवढ्या लांबून आलेलं रडणं एकदम थांबत नाही. मग तिनं डोळे उघडले. पोरीचे गाल चाचपले. नाक ओढून पाहिलं. आणि माझ्याकडे वळली.

“दाजी! तुम्हले काही लाज शे का?”

मी सगळं सांगितलं. हिलाल बापू, पाचवी ओळ, तळाची ओळ. कुणी हसलं नाही. अशा वेळी विनोदी लेखकाला फार एकटं वाटतं.

“मंग आम्हीन जावूत का?” दोधूनं विचारलं आणि बांबू गोळा करायला लागला.

“थांब रे,” कालीबाई म्हणाली. ती पदर सावरून ओट्यावर बसली. “आते उनू शेत ते बसूत. मन्ही बहीन गई तवय ह्या दारवर कोनी उनं नही. मी बी उनी नही. आज बसूत.”

दोधूनं बांबू परत भिंतीला टेकवले.

हे सांगायचं मी टाळणार होतो, पण आता आलंच आहे. प्रमिला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. एप्रिल महिना. तिला पांढऱ्या वेष्टनात बांधून चार अनोळखी माणसांनी नेलं आणि मी लांब उभा होतो. तिची वार्ता मीच लिहिली. शेवटी लिहिलं, ‘परिस्थिती लक्षात घेता कृपया कुणीही घरी येऊ नये.’ चाळीस वर्षांत माझा इतका परिणामकारक मजकूर दुसरा नाही. खरोखरच कुणीही आलं नाही! बहिणी आल्या नाहीत, दोधू आला नाही, कुणी माझ्या गळ्यात पडलं नाही. मी आणि स्वप्नाली, दोघंच बैठकीत दोन भिंतींना टेकून तेरा दिवस बसलो. तेराव्या दिवशी मी तिला म्हणालो, “चल, झालं.” आणि त्यानंतर प्रमिलाचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेतलं नाही.

“मावशी,” स्वप्नाली म्हणाली, “आई आहे ह्याच्यात. ऐकशील?”

“लाव व बेटा.”

दहा वाजले. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि दोन काळे स्पीकर जोडले. टेबल फारच कळकट दिसत होतं. गौतमचंदशेठ म्हणाले, “आप्पासाहेब, हे कापड तर आता मी परत नेत नाही. अंथरा.” अंथरलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मोटर घुमायला लागली, तशी दोन माणसं उठून आमची मोटर बघून आली. तिसऱ्या गाण्यात भोंगा ताणला गेला, तेव्हा एका बाईनं घाबरून पोरगं जवळ घेतलं. “हाई गानं शे का वीज गई शे?” कुणीतरी कुजबुजलं. “गप रे! पोर मेहनत करी ऱ्हायनी!” कालीबाईनं दटावलं. पाचव्या गाण्याला मात्र कुणी कुजबुजलं नाही. स्वप्नाली त्यात एवढंच गाते, की घरातल्या सगळ्या दिव्यांची बटणं तुझ्या बोटांच्या उंचीवर आहेत. एवढंच, पुन्हा पुन्हा. प्रमिला बुटकी होती. बायकांना ते बरोबर समजलं.

सहावं संपत आलं तसा मी उठलो. मळ्यात एक चक्कर टाकून येण्याचं ठरवलं होतं. पण उंबऱ्यात माणसं, ओट्यावर माणसं, आणि जिथे माझ्या चपला होत्या तिथे साठ जोड! मी त्यांत वाकून माझ्या शोधत होतो, आणि माझ्या पाठीमागे प्रमिला बोलली.

“जेवनी का व बेटा? तुन्हा बाप मन्हं काहीच ऐकत नही. तू ते ऐक. डोकाले रुमाल बांध, थंडी शे.”

स्वप्नालीनं त्याच्यावर धुकं चढवलेलं होतं. आवाज विरत होता, परत येत होता. सगळं वाक्य विरलं, तरी मधला तुकडा तेवढा राहिला. तुन्हा बाप मन्हं काहीच ऐकत नही. काहीच ऐकत नही. ऐकत नही. गल्लीभर!

“खरं शे,” दोधू म्हणाला.

आणि मग बायका रडल्या. अशा रडल्या, की सकाळचं रडणं म्हणजे नुसता गळा साफ करणं होतं. कालीबाईनं बहिणीचं नाव घेऊन हाक मारली, चार वर्षांची साठलेली. स्वप्नाली तिच्या मांडीत डोकं घालून रडत होती. माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दोधू सांगतो, की आप्पा बांबूला धरून उभे होते आणि तो सोडवायला गेला तर सोडत नव्हते.

पुढे शेजारच्या बायांनी मौतीच्या घरी देतात तो कडू घास म्हणून शिजवलेली खिचडी आली. जिवंत मुलीचा कडू घास खावा की नाही, यावर थोडी चर्चा झाली. मग कालीबाई म्हणाली, “प्रमिलाना शे, खा!” आणि सगळे जेवले. जाताना एकेक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. चार वर्षं उशिरा.

दुपारी घर रिकामं झालं. स्वप्नालीची पुण्याची बस चारची होती. ती बॅग भरत होती, मी दारात उभा होतो.

“बाबा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “कसं वाटलं, सांगितलं नाहीत.”

चाळीस वर्षं लिहिण्यात घालवलेला माणूस मी. यावर मी काहीतरी मोलाचं बोलायला हवं होतं.

“छान आहे,” मी म्हणालो. “फार छान आहे. फक्त एक कर. ते सातवं... त्यातला आईचा आवाज तेवढा मला वेगळा काढून दे. नुसता. संगीताशिवाय.”

“बाबा! ते संगीत करायला मला तीन वर्षं लागली!”

“हो ना. म्हणजे काढायलाही वेळ लागणार,” मी म्हणालो. “सावकाश काढ. घाई नाही. पण बसच्या आधी होईल का?”