साहेब नेमकं काय करतात

सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब पाऊण तास बोलत होते, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण गं हे मघापासून?"

"आमचे साहेब. घरी कुणी ऐकत नाही, म्हणून आम्हांला ऐकवतात," तक्रार विभागातल्या बाई म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. माईक चालू होता.

चौदा चौकोनांतले चौदा चेहरे थिजले होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला. बाई ऑफिसात असत्या, तर साहेबांच्या चालीवरून, शिपायाच्या तोंडावरून काहीतरी अंदाज आला असता. घरात अंदाज कशावरून बांधणार? मीटिंग संपल्यावर दहा मिनिटांनी निरोप आला : 'चार वाजता बोलू. एकट्याच या.'

गेल्या महिन्यात ज्या दोघांना साहेबांनी असंच एकटं बोलावलं होतं, त्यांचे चौकोन दुसऱ्या दिवशी दिसलेच नव्हते.

बाईंनी मैत्रिणीला फोन लावला. आपल्याला काहीच ऐकू आलं नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं; वर 'पण खरं बोललीस' असंही म्हणाली. नवऱ्याचं मत पडलं की टीव्हीचा आवाज होता म्हणून सांगावं. घराचे हप्ते, मुलीची फी, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढे नाचू लागलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "माझं नाव सांग. मला काय कामावरून काढणारेत?" आणि केस विंचरून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने शेजारी येऊन बसल्या.

चार वाजता साहेब पडद्यावर आले. चेहरा पांढराफटक. मागे वाळत घातलेले टॉवेल दिसत होते.

"सकाळी तुम्ही जे बोललात..."

"सर, त्या सासूबाई..."

"मीच ती," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी ते मनावरच घेतलं नाही. खालच्या आवाजात ते सांगू लागले. सगळे घरी बसल्यापासून तक्रारी निम्म्या वेळात निकाली निघताहेत. त्यामुळे वरून पत्र आलंय : 'आपण नेमकं काय करता, ते पाच वाजेपर्यंत दोन ओळींत कळवा.' साहेब सकाळपासून लिहीत होते. एक ओळही सुचली नव्हती.

"तुम्ही स्पष्ट बोलता, हे आज कळलं," ते म्हणाले. "मी काय करतो हो?"

बाईंना आता दुसरीच भीती वाटली. साहेब गेले, तर त्यांच्या जागी कोण येईल, कुणास ठाऊक. हे निदान टोमणा ऐकूनही चष्मा पुसून गप्प बसतात. त्यांनी जीव ओतून दोन ओळी लिहून दिल्या : 'विखुरलेल्या माणसांना साहेब रोज सकाळी एकत्र बांधतात. विभागाचा वेग त्या मीटिंगमुळेच टिकून आहे.'

दोन ओळी वर फार आवडल्या. साहेब वाचले.

सोमवारपासून मीटिंग दिवसातून दोनदा होऊ लागली.