पांडूमामांचा ठोक कारभार

पांडूमामा एकट्या माणसाला नमस्कार करत नाहीत. विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीवर चारपाच जण जमेपर्यंत थांबतात, मग सगळ्यांना मिळून एकच नमस्कार. ‘ओंदोंदे कशाला रे? ओट्टिगे!’ एकेक कशाला, सगळं एकदम, हा त्यांचा कानडीमिश्रित गुरुमंत्र.

सवय धंद्यातली. जन्मभर ते हूटगळ्ळीच्या शिलाई कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाचे थर रचायचे, वरच्या थरावर खडूची खूण करायची आणि एका कापात ढीगभर खिसे मोकळे. रिटायर झाल्यावर हात रिकामे पडले, तेव्हा मोबाईलवर बघूनबघून हा गृहस्थ चक्क कोड लिहायला शिकला.

मी इथल्या आमच्या मराठी समाजाचा सेक्रेटरी. सभासदांची नावं वेबसाइटवर एकेक करून चढवत होतो, ते मामांना बघवेना. ‘सरक रे. सुम्ने, उगाच बोटं झिजवतोस.’ त्यांनी काही ओळी लिहिल्या आणि कॉफी येईपर्यंत अख्खी यादी चढली! मी थक्क झालो आणि पासवर्ड त्यांच्या हवाली केला. अक्कल गहाण पडते ती अशी.

मग एका सकाळी माझ्या मोबाईलवर संदेश आला: ‘श्री. माधवराव यांच्या निधनाने समाजाची अपरिमित हानी झाली आहे.’

माधवराव म्हणजे मीच. मी छातीवर हात ठेवून पाहिला. तेवढ्यात आई देवघरातून ओरडत आली, तीही वारली होती. पाठोपाठ अध्यक्षांचा फोन: ‘मी मेलो म्हणून कुणी सांगितलं तुला?’ यादीत नावापुढे ‘दिवंगत’ पडलं की त्या घरी शोकसंदेश आपोआप जायचा. इथे तर अख्खा समाज एका फटक्यात दिवंगत!

मी तणतणत मामांच्या घरी गेलो. ते लॅपटॉपसमोर पांढरेफटक बसले होते.

‘अय्यो, माधवा, यंदा गेलेल्या चौघांपुरतंच बदलायचं होतं रे. ती अटच लिहायची राहिली. खूण न करता कात्री चालवली बघ.’

‘चौघांसाठी कोड?’ मी कडाडलो. ‘हातानं लिहायला काय झालं होतं?’

मामा खाली बघत म्हणाले, ‘चौघांत तुझी मामी आहे की रे. तिच्या एकटीच्या नावापुढे ते लिहायला हात होईना. म्हटलं, सगळ्यांबरोबर होऊन जाऊ दे, मला दिसायचं नाही.’

माझा राग जागच्या जागी विरला.

मामांनी कालची यादी एकदम परत चढवली आणि समाज जिवंत झाला. उरलेलं काम मी हातानं करायला घेतलं. तिघांच्या नावांपुढे ‘दिवंगत’ लिहिलं. मग मामीचं नाव आलं. पुढे लिहिलेलं होतं, ‘हयात’.

मी मामांकडे पाहिलं.

‘घाई आहे का रे?’ त्यांनी विचारलं.

‘नाही मामा,’ म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.