पात्याला घातलेला हार

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना उडायची हौस आली. त्यांनी छोटंसं विमान मागवलं. बगळ्याला उडता येत होतं, म्हणून तो वैमानिक झाला. तुराजीराव मोरांना काहीच येत नव्हतं, म्हणून ते स्वागताध्यक्ष झाले.

तुराजीरावांचं सगळं वैभव म्हणजे पिसारा. तो फुलला की सभा वाहवा करी आणि त्यांना आणखी एक पद मिळे. डोकं वापरायची वेळ कधी आलीच नाही.

विमान उतरलं. नाकावरचा पंखा थांबला. तुराजीराव विमानाच्या पूजेसाठी झेंडूचा हार घेऊन धावले.

"पंख्यापासून लांब!" बगळा ओरडला. "इंजिन गरम आहे. पातं नुसतं हललं तरी इंजिन पेटून ते गरकन फिरेल. कापून काढेल!"

सभेने कानांवर पंजे ठेवले. पूजेच्या वेळी ही भाषा!

"अहो कप्तान, शुभकार्यात अभद्र बोलू नका," तुराजीराव म्हणाले. "बंद पंख्याला कसलं भ्यायचं? घरचा पंखा आम्ही रोज पुसतो."

"मग हार मागे, शेपटाला घाला."

"पाहुण्याच्या शेपटाला हार?"

सगळं जंगल खो खो हसलं. बगळ्याने मान आखडून घेतली.

हार पात्यावर चढला. फोटो काढणारं माकड म्हणालं, "राव, हार वाकडा दिसतोय."

तुराजीरावांनी विमानाकडे पाठ केली, पिसारा फुलवला आणि मागच्या मागे पायाने पातं सरळ केलं.

इंजिन एकदाच खोकलं. तुराजीराव वाचले. पिसारा वाचला नाही. झेंडू आणि पिसं एकदमच खाली आली. तुराजीराव ढसाढसा रडले. आता आपल्याला कोण विचारणार?

चौकशी झाली. अभद्र बोलून अपघात ओढवल्याबद्दल बगळ्याला काढून टाकलं. त्याच्या जागी कासव आलं. त्याला उडता येत नाही, पण ते बोलतही नाही.

पडलेल्या पिसांचं सुरेख मोरचेल झालं. ते महाराजांवर ढाळायची नोकरी तुराजीरावांनाच मिळाली.

परवा नवे स्वागताध्यक्ष कोंबडेसाहेब हार घेऊन पात्याकडे निघाले. तुराजीरावांनी ओरडायला चोच उघडली. मग त्यांना बगळा आठवला. त्यांनी चोच मिटली आणि मोरचेल जरा जोरात ढाळलं.

तात्पर्य: विमानाच्या पात्याला खुशाल हात लावावा, त्याने फार तर पिसारा जातो. शुभकार्यात खरं मात्र बोलू नये, त्याने नोकरी जाते.