जन्माचं नाव

आमच्या बजाजनगरात नवा माणूस भेटला की लोक त्याचं गाव विचारतात, कंपनी विचारतात, पगाराचा अंदाज घेतात. शेजारचे आप्पा तांगडे थेट विचारतात, "आई कोण?" आई कळली की, "तिची आई?" तिसऱ्या प्रश्नाला माणसाला काहीतरी काम आठवतं.

दोष आप्पांचा नाही, घोड्यांचा आहे. कारखान्यातून निवृत्त झालेले आप्पा मूळचे देवगाव रंगारीचे. वडिलांच्या दावणीला घोड्या होत्या. आता त्यांच्याकडे एकही नाही, पण मोबाइलमध्ये साऱ्या मुलखाच्या आहेत. घोड्यांच्या शौकिनांनी मिळून इंटरनेटवर घोड्यांची वंशावळ केली आहे. कुणीही यावं, आपल्या घोडीची आई, बाप, आजी भरावी. अडचण एवढीच, की घोडी विकत घेतली की नवा मालक आधी तिचं नाव बदलतो. मग एकच घोडी तीन नावांनी तीन ठिकाणी नांदते आणि तिची पिल्लं एकमेकांना परकी होतात. आप्पा सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसतात आणि अशी फुटलेली घरं जुळवत राहतात.

त्यांचं फोनवरचं बोलणं गल्लीला पाठ आहे. खुलताबादच्या सलीमभाईंनी 'बिजली' नावाची घोडी घेऊन तिची 'राणी' केली, तेव्हा आप्पांनी अर्धी सकाळ त्यांना समजावलं. "भाई, मालक बदलला, घोडी नाय बदलली. राणी म्हणा, महाराणी म्हणा, पण जन्माचं नाव वर राहू द्या. उद्या तिचं शिंगरू आईला हुडकत आलं तर?" शिंगरू मोबाइलमध्ये कसं हुडकणार, हे विचारायची सोय नव्हती. सलीमभाईंनी शेवटी हात टेकले. पुढच्या ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा मात्र आला.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा सासरी माझं नाव मनीषा ठेवलं होतं. आप्पांनी पहिल्याच भेटीत जन्माचं नाव विचारून घेतलं. चंद्रकला. त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. सासूबाई फणकारल्या, "सून हाय ती, घोडी नाय." आप्पा शांतपणे म्हणाले, "म्हणून तर जास्त जपाया पायजे."

गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या शांताकाकू, गेल्या. यंदा आप्पांच्या पुतण्याचं लग्न झालं. नवरीचं नवं नाव लिहायला ताटात तांदूळ पसरले, नवरदेवानं अंगठी हातात घेतली, आणि आप्पांनी पुढं होऊन त्याचं मनगट धरलं. "आधी तिला इचार," ते म्हणाले. नवरी खाली बघत हळूच म्हणाली, आहे तेच राहू द्या. नवरदेवानं तेच लिहिलं. आप्पांच्या बहिणी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पंगतीत मी त्यांना चिडवलं, "आप्पा, घोड्या इथंही आणल्या का?" ते हसले नाहीत.

"तुझी काकू यमुना होती," ते म्हणाले. "आईनं सांगितलं, मी ताटात शांता लिहिलं. तिचा भाऊ आला आन् दारातून 'यमू' म्हणला, की चुलीवरचं दूध सोडून पळत यायची. मी हाक मारली की नुसती यायची." पानातला भात ते उगाच कालवत राहिले. "एकदा मला बी यमू म्हणून बघायचं होतं. राह्यलं."

माझे आईवडील आता नाहीत. भाऊ लांब असतो. मला चंद्रकला म्हणणारे या शहरात एकटे आप्पा उरले आहेत. त्यांचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आणि दाखवले असते तर त्यांनी माझ्या आजीचं नाव विचारलं असतं.

आज सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "चंद्रकला, चहा झाला का?" गॅसवर दूध होतं. मी ते तसंच सोडून पळत गेले.