तीन राख

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खडखडू लागलं. पाऊण तास थोपटल्यावर नुकतंच कुठे डोळे मिटलेलं तान्हं खांद्यावर दचकलं. आईनं श्वास रोखला. फोन बंदराच्या धक्क्यावरून, मुकादमाचा होता आणि तिचे दोन्ही हात बाळाखाली अडकलेले. वर्षभराचा माल-अहवाल दुपारी बारापर्यंत पाठवायचाच होता. थोरल्या ठकूला कांजिण्या आल्या म्हणून साहेबांनी, मोठे उपकार केल्यासारखी, घरून काम करायची परवानगी दिली होती.

"ठकू, घे गं फोन," ती कुजबुजली. "काका सांगतील ते तसंच्या तसं मला सांग."

पाच वर्षांच्या ठकूनं हेडक्लार्कच्या थाटात फोन कानाला लावला. "चाल कोळसा. दोन मीठ. तीन लाख. काका म्हणतात, संपलं."

ठकूला र म्हणता येत नसे. 'चाल'चे चार आईनं सवयीनंच केले. मुकादम 'हजार' उच्चारायचे कष्ट घेत नाही, हेही तिला पाठ होतं. चार हजार टन कोळसा, दोन हजार टन मीठ. पण लाख हा शब्द मुळात धडधाकट, त्याची दुरुस्ती कशाला करायची? या बंदरात कोळसा आणि मीठ सोडून तिसरं काही उतरत नसे. मुकादमाचा तिसरा आकडा नेहमी वर्षाच्या बेरजेचा.

तिच्या अंदाजानं ही बेरीज सत्तर हजारांपुढे जाणार नव्हती. लाखाच्या खाली गेलं की बंदर बंद, असं वरून पत्रच आलेलं, आणि बंदर बंद म्हणजे तिची मोजणी कारकुनाची कंत्राटी नोकरीही बंद. पण आनंदाच्या आकड्याची उलटतपासणी कोण करतं? बाळाला गादीवर टेकवून तिनं एका बोटानं तीन लाख टाकले आणि अहवाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी अहवालाची प्रत पाहून मुकादम फोनवर किंचाळला. "अहो ताई, लाख कुठून आणू? राख! वीजघराची राख. पहिल्यांदाच आली, तीन हजार टन!"

शेजारच्या काकूंच्या हातापाया पडून, मुलं त्यांच्यावर सोपवून ती ऑफिसात धावली. साहेबांच्या टेबलावर पुष्पगुच्छ होता.

"या, या! वरून फोन होता. म्हणाले, तिरडीवर ठेवलेलं बंदर उठून पळायला लागलं!"

"साहेब, ते लाख नाहीत. राख आहे." तिनं सगळं सांगितलं.

साहेबांनी पुष्पगुच्छ स्वतःकडे ओढून घेतला. "मग काय कळवू वर? आमच्या बाईंची मुलगी बोबडी आहे?"

"चूक माझी आहे, असं लिहा."

"बाई, लोक राखेचे लाख करतात. तुम्ही लाखाची राख करायला निघालात!"

"पण विचारलं कसला माल, तर?"

"इतर."

"दोन लाख तीस हजार टन इतर?"

"इतरला कोणी हात लावत नाही. लिहा मुकाट्यानं."

तिनं लिहिलं. घरी दूधपिती एक आणि ठिपक्याठिपक्यांची एक, अशा वेळी सत्याची चैन परवडत नाही.

महिन्यानं अभिनंदनाचं पत्र आलं. दोन लाखांवरच्या बंदराला हातानं मोजणी शोभत नाही, सबब मोजणीचं यंत्र मंजूर. त्याखाली बारीक अक्षरात: मोजणी कारकुनाचं पद रद्द.

"यंत्राच्या उद्घाटनाची फीत तुमच्याच हस्ते कापू," साहेब म्हणाले.

"साहेब, मी तर खरं सांगत होते."

"खरं सांगितलं असतं तर बंदर बुडालं म्हणून नोकरी गेली असती. आता बंदराच्या भरभराटीत गेली. काही मान आहे की नाही?"

टेबलाचा खण रिकामा करून ती घरी आली. ठकूनं दारातच विचारलं, "उद्या पण जाणाल?"

"नाही."

"पलवा?"

"नाही गं."

"म्हणजे आता लोज घली? बाळाजवळ, माझ्याजवळ?"

"हो."

ठकूनं आनंदानं गिरकी घेतली, बाळाच्या गालाचा पापा घेतला, पुन्हा धावत येऊन आईच्या कमरेला मिठी मारली. मग मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आई, मग तुला आनंद का नाही झाला?"