रेडिओच्या पोटातली बेल

घरातला सगळा इलेक्ट्रॉनिक कचरा एका सकाळीत निकालात काढीन, अशी पैज मी सूनबाईशी लावली आणि जिंकलेही. दुःख आहे ते त्याचंच.

आमचे हे म्हणजे यंत्रांचे वैद्य. हयातभर त्यांनी काही टाकलं नाही. पंख्याचं बटण मिक्सरला, मिक्सरची वायर टेबललॅम्पला. त्यांच्या मागे उरलेले सांगाडे मी कचऱ्याच्या गाडीत घातले. कपाटावरचा रेडिओसुद्धा. वर्षानुवर्षं मुका, नुसता प्लगला चिकटून बसलेला, रुसलेल्या जावयासारखा!

संध्याकाळी शेजारीण दार बडवून बडवून लाल झाली. बेल वाजतच नव्हती. मुलानं तारा धुंडाळल्या आणि कपाळाला हात लावला. ह्यांनी बेलची वीज रेडिओच्या पोटातून नेली होती.

"बरंच झालं," सूनबाई म्हणाली. "ती बेल नव्हतीच, भुताटकी होती."

कारण रोज तिन्हीसांजेला रस्त्यावरचे दिवे लागले की ती आपोआप एकदा वाजायची. ह्यांची दुकानातून परत यायची तीच वेळ. दारात कोणी नसणार हे ठाऊक असूनही मी रोज केस सारखे करून दार उघडायची.

मुलानं नवी बेल आणून बसवली. पाखरासारखी किलबिलते, पण कुणी दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. ती तिन्हीसांज मी खुर्चीतच बसून काढली.

दुसऱ्या दिवशी मी कचरा संकलन केंद्र गाठलं. टीव्ही, कीबोर्ड, फोन यांचा डोंगर, आणि पायथ्याशी आमचा रेडिओ!

काट्यावरचा माणूस म्हणाला, "आजी, आत आलेलं बाहेर जात नाही. जमा झालेलं वजन वरच्या ऑफिसला दाखवावं लागतं."

"मग वजनाला वजन देते."

त्यानं डोकं खाजवलं. नियम करणाऱ्यांनी अशी म्हातारी हिशेबात धरलीच नव्हती. निघताना दारावरून उचकटून आणलेली नवी बेल मी काट्यावर ठेवली. काटा ढिम्म. मग घरी जाऊन हाताला लागेल ते पिशवीत कोंबून आणलं, तेव्हा कुठे रेडिओ सुटला.

मुलानं कुरकुरत जुनी बेल पुन्हा जोडली. रस्त्यावर दिवे लागले, आणि बेल वाजली! मी केस सारखे करत धावले, दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. अगदी पूर्वीसारखं.

"आई," मागून सूनबाईचा आवाज आला, "माझी इस्त्री कुठं दिसत नाहीये."

मी दार त्या दिवशी जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं.