तांदळाच्या दाण्याएवढी ज्योत

हिरूबाय शेगडीशेजारी तांदळाचा एक दाणा चिमटीत धरून उभी राहायची. ज्योत त्या दाण्याहून जराशी मोठी दिसली की म्हणायची, "मिस्त्री, ही ज्योत नाय, होळी हाय."

माझा धंदा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण बोईसरपासून सरावलीपर्यंत कुणाचा बर्नर बारीक होत नसला की मलाच बोलावणं येतं. मोठा गॅस कोणीही करून देईल. बारीक करून तो टिकवायचा, इथं माणसाची परीक्षा. दूध उतू गेलं, भात बुडाला लागला, सासू सुनेवर ओरडली, यातली निम्मी भांडणं बारीक न होणाऱ्या बर्नरची असतात. सुनेचा त्यात काही दोष नसतो.

आता हे काम कसं करतात ते सांगतो. नॉब ओढून काढला की आतल्या कॉकच्या, म्हणजे गॅसच्या तोटीच्या, अंगाला एक बारीक स्क्रू असतो. सगळ्या शेगड्यांना नसतो, हिरूबायच्या शेगडीला होता. तो आवळला की ज्योत लहान होते. पण किती आवळायचा याला माझा एक नियम आहे. ज्योत बारीक करायची, मग घराचं दार उघडून धाडकन लावायचं. वाऱ्याच्या झोतात ज्योत राहिली तर काम पास. विझली तर नापास, कारण ज्योत विझते, गॅस मात्र येतच राहतो. माझ्या या आपटण्याने सरावलीतल्या दोन-तीन दारांच्या कड्या निखळल्या असतील. त्याला माझा इलाज नाही.

हिरूबाय मूळची दातिवऱ्याची, कोळीण. पोरानं सरावलीत दोन खोल्या घेतल्या आणि आईला इकडे आणलं. पोरगा आणि सून दोघं कारखान्यात पहिल्या पाळीला. जन्मभर जिनं दर्या बघितला तिला खिडकीतून शेजारणीचं वाळत घातलेलं धुणं दिसायचं. शेजारीण यूपीची. ती बिचारी सांगायची, "चाची, गैस बंद कर दो ना, बाद में गरम कर लेना." हिरूबाय आपल्या भाषेत म्हणायची, "तुज्या घरात कर तू." दोघींचं एकमेकींना काही कळत नव्हतं, म्हणून भांडण होत नव्हतं.

वाराचं नाव ती घ्यायची नाही. "तीजेला ये," असं सांगायची. भिंतीवर तिथीचं कॅलेंडर, त्यावर कोळशाच्या खुणा.

मी म्हणायचो, "हिरूबाय, मंगळवार म्हणा की सरळ. मला तिथी कळत नाही."

"मंगळवार दर्याला ठाव हाय काय?"

दर्याचा आणि माझ्या पान्याचा काय संबंध, ते मला कळेना.

पहिल्या खेपेला मी स्क्रू आवळून, दार आपटून, काम पास करून दिलं. तिनं दाणा धरला. होळी. दुसऱ्या खेपेला जेटचं बारीक भोक साफ केलं, कॉकला ग्रीस लावलं. पुन्हा दाणा, पुन्हा होळी. तेव्हा मी वैतागून विचारलं, "एवढं शिजवता तरी काय?"

"कालवण."

"मग शिजलं की बंद करा. जेवताना तापवा."

बाई अशी बघायला लागली की जणू मी तिच्या माहेराला शिवी दिली. "तापवलेलं पाव्हण्याला वाढतात. होडी दर्यावर असली की वैलावरचं भांडं उतरवायचं नाय. आमच्या सासूनं उतरवलं नाय, तिच्या सासूनं नाय."

वैल म्हणजे चुलीचं बाजूचं तोंड. तिथं जाळ नसतो, नुसती धग पोचते. भांडं तासन्‌तास कोमट राहतं आणि करपत नाही. बाईला गॅसच्या शेगडीचा वैल करून हवा होता.

कसली होडी आणि कसलं काय! दारात रिक्षा लागतात इथं. मी समजलो, नवरा गेलाय आणि म्हातारीचं थोडं सरकलंय. माणूस एकटा पडला की सरकतंच. माझ्या घरी शेगडीला दोन बर्नर आहेत. चार वर्षं झाली, एकच पेटतो. दुसरा बिघडलेला नाही.

तिसऱ्या खेपेला, द्वितीयेला, ती म्हणाली, "जमत नसंल तर सांग. पालघरवरून दुसरा बोलवते."

हे मला लागलं. पालघरवरून! मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू आवळत गेलो. ज्योत निळी होत होत एवढीशी झाली. हिरूबायनं दाणा धरला. दाणा आणि ज्योत, जुळी भावंडं. बाईच्या तोंडावर असं हसू आलं की मी हत्यारं गोळा करून ऐटीत बाहेर पडलो. त्या दिवशी मी दार आपटून बघितलं नाही.

दोन दिवसांनी शेजारीण मला शोधत आली. "चाची बुला रही है. चूल्हा बुझ गया."

मी गेलो. खिडक्या सताड उघड्या. रेग्युलेटर बंद केलेला. हिरूबाय भिंतीला टेकून बसलेली. ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, पण ती ओरडली नाही.

"काल दार उघडून ते आत आले, तेवढ्या वाऱ्यानं इझली. मना वासावरून कळलं. मी खिडक्या उघडत होते तवर त्यांनी भांड्याला हात लावला. म्हणाले, चूल गार हाय, मना मेलेला धरलास काय?"

"ते म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? आमचे नाखवा."

नवरा होता तर! साठ वर्षं होडी चालवलेला माणूस. आता डोकं चालत नव्हतं. दातिवऱ्याला दोनदा वाट चुकला म्हणून पोरानं दोघांना इकडे आणलं होतं. दिवसा तो नाल्याच्या मोरीवर जाऊन बसायचा. नाल्यालाच खाडी समजायचा. समोरचा चहावाला त्याच्यावर नजर ठेवून असायचा.

"पोराचं नाव इसरले," हिरूबाय म्हणाली. "माजं कदी येतं तोंडात, कदी नाय. भरती तेवढी नाय इसरले. तिकडं दर्याला पाणी चढलं की उठतात नि घरी येतात. रोज पाऊण तास उशिरानं. घड्याळ लावून बघ."

मग ते कॅलेंडर मला कळलं. भरतीची वेळ तिथीवरून ठरते, वारावरून नाही. आणि माझी मान खाली गेली. माझी मान कुठल्या गिऱ्हाइकापुढे कधी गेली नव्हती.

मी स्क्रू सैल केला. दार आपटलं. अजून केसभर सैल केला, अजून आपटलं. शेजारीण बघायला आली, तिलाही बाहेरून दार ढकलायला लावलं. ज्योत राहिली. हिरूबायनं दाणा धरला.

"मोठी हाय."

"मोठी आहे. पण दार उघडल्यावर राहील. घरात जाड तवा आहे?"

लोखंडी तवा बर्नरवर ठेवला, त्यावर भांडं. तव्यानं जाळ अडवला, धग तेवढी वर गेली. बाईनं भांड्याच्या पोटाला हात लावला, थोडा वेळ ठेवला. मग दाणा परत डब्यात टाकला.

तेवढ्यात दार उघडलं. आम्ही दोघांनी आधी तव्याखाली बघितलं. ज्योत हलली, राहिली.

दारात म्हातारा. उंच, पायात चप्पल नाही. तिला म्हणाला, "बोट लागली."

"लागली. पाय धुवा. गरम हाय."

तो तसाच शेगडीपाशी गेला. भांड्याला बोट लावलं, चटकन मागे घेतलं आणि खूश झाला. मग मला बघितलं. "ह्यो कोण?"

मी मेकॅनिक म्हणून सांगणार होतो. हिरूबायनं माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, "आपला खलाशी. नवा हाय."

"जाळी धुतली काय रे?"

"धुतली, नाखवा."

"मग उभा काय? बस जेवायला."

गिऱ्हाइकाच्या घरी मी पाणीसुद्धा घेत नाही. त्या दिवशी मी बोंबलाचं कालवण आणि भात जेवलो. नाखवा मध्येच मला वारा कुठला आहे विचारायचे. मी खिडकीतलं धुणं बघून सांगायचो.

निघताना हिरूबाय दारापर्यंत आली. "मिस्त्री, उद्या पंचमी. ये."

"आता काय बिघडलंय?"

"काय नाय. खलाशी दिसला नाय तर ते इचारतील." मग म्हणाली, "नि दोघांपुरतं रांधायला माजा हात अजून शिकला नाय."

पंचमीला म्हणजे किती वाजता, ते मी विचारून घेतलं. पावणेचार.

मग बाहेर आलो आणि दार हळू लावलं.